दाढ ठणकतेय: रात्री-अपरात्री विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दवाखान्याचा फोन रात्री दहानंतर वाजला की दोनच शक्यता असतात. चुकीचा नंबर, नाहीतर दाढ. इतर दुखण्यांत माणूस सकाळपर्यंत कळ काढतो, दाढ तेवढी उसंत देत नाही. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवताना फोनवर आणि खुर्चीवर जे पुन्हा पुन्हा ऐकतो, ते प्रश्न इथे लिहिले आहेत. क्रम महत्त्वाचा नाही, पण आत्ता दुखत असेल तर पहिले तीन आधी वाचा. आणि चेहऱ्यावर सूज असेल, तर सगळं सोडून आधी ‘थेट हॉस्पिटल कधी गाठायचं?’ हा प्रश्न वाचा.

रात्रीचे दोन वाजलेत, सहन होत नाही. आत्ता काय करू?

आधी कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघा. दोन दाढांच्या फटीत काही अडकलंय का? ज्वारीचं कूस, मटणाचा रेषा, पेरूची बी. हसू नका. एकदा एक बाई लग्नाहून परस्पर दवाखान्यात आल्या होत्या. रात्रभर रडून डोळे सुजलेले, वाटेत कुणाकडून तरी एक इंजेक्शनही घेतलेलं. फटीतून दोरा फिरवला तर मटणाचा बोटाच्या पेराएवढा रेषा निघाला. अर्ध्या मिनिटात दुखणं निम्म्यावर. आधी त्या हसल्या, मग इंजेक्शनवाल्यावर जाम चिडल्या.

फ्लॉस असेल तर उत्तम, नसेल तर शिवणाचा स्वच्छ, मजबूत दोरा चालेल. सुई, टाचणी, आगपेटीची काडी मात्र नको. हिरडीला जखम होते आणि सकाळी दुखण्याच्या जागा दोन झालेल्या असतात.

अडकलेलं काही नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या करा. खाली सांगितलेली गोळी घ्या. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग काढा. उशाला दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं पडा. आणि एवढं सगळं फक्त सकाळ गाठण्यासाठी आहे, हे लक्षात असू द्या.

दिवसा बरी असते, आडवं पडलं की ठणका का सुरू होतो?

दाताच्या पोटात एक छोटी खोली असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात, ज्याला आपण सगळे सरसकट ‘नस’ म्हणतो. हाताला मार लागला तर हात सुजतो, कारण कातडी ताणली जाते. दाताच्या खोलीच्या भिंती दगडासारख्या. आतल्या नसेला सूज आली की तिला पसरायला जागाच नाही, सगळा दाब तिच्यावरच येतो. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि तो दाब दाढेतही जाणवतो. नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका येतो तो यामुळेच. शिवाय रात्री लक्ष दुसरीकडे लावायला काही नसतं. उशा उंच घ्या म्हणतो ते याचसाठी.

कोणती गोळी घेऊ, किती घेऊ?

एरवी तब्येत धडधाकट असलेल्या मोठ्या माणसासाठी: आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन्ही एका वेळी, काहीतरी खाऊन. गरज पडली तर सहा ते आठ तासांनी पुन्हा. आयब्युप्रोफेन दिवसात तीनदाच. दाढेच्या दुखण्यावर ही जोडी एकट्या-दुकट्या गोळीपेक्षा चांगली चालते, कारण दोघींच्या कामाच्या पद्धती वेगळ्या आहेत.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. कॉम्बिफ्लॅममध्ये ही जोडी आधीच आहे: आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. माणूस ती घेतो. तासाभराने फरक वाटत नाही म्हणून डोलो ६५० घेतो. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळी घेतो, तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. डोलो ६५० दोन-दोन करून दिवसात तीनदा घेतल्या तरी ३९०० मिग्रॅ होतात आणि निरोगी माणसाची दिवसाची शेवटची हद्द ४००० आहे. मी तर ३००० वरच थांबा म्हणतो. ज्याचं रोजचं ‘बसणं’ आहे, त्याने त्याहून कमी. लिव्हर खराब होतं ते दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही.

पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी गावोगाव प्रसिद्ध आहे. ती जोरदार चालते, खरं आहे. पण पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा करण्यातही ती जोरदार आहे. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घेऊ नका आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकबरोबर तर मुळीच नको.

आयब्युप्रोफेन कुणी घेऊ नये? किडनीचा त्रास, पोटात अल्सर, वेदनाशामक गोळीने दमा उठण्याचा इतिहास, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण. अजून एक: पावसाळ्यात अंगात ताप असेल, अंग मोडून येत असेल आणि गावात डेंगीची साथ असेल, तर फक्त पॅरासिटामॉल. डेंगीत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि गोळी गिळायची असते. दाढेजवळ गालात दाबून ठेवायची नसते. ॲस्पिरिनची गोळी अशी ठेवून हिरडी पांढरीफट्ट भाजलेले लोक मी दरवर्षी बघतो.

लवंगेचं तेल, हिंग, लसूण, तंबाखू... यातलं काय चालतं?

लवंगेचं तेल चालतं. त्यातलं युजेनॉल नस थोडी बधिर करतं. आम्हीसुद्धा युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडचं मिश्रण तात्पुरत्या भरणीसाठी वर्षानुवर्षं वापरत आलोय, दवाखान्याचा तो विशिष्ट वास त्याचाच. पण कापसाच्या छोट्या बोळ्यावर एखादा थेंब घ्या, बोळा पिळा आणि फक्त खड्ड्यात ठेवा. हिरडीवर ओतलं तर भाजतं. लहान मुलांना नको.

आजीचा हिंगाचा खडा: खड्ड्यात बसला तर थोडा वेळ बरं वाटू शकतं, नुकसान फारसं नाही. कच्चा लसूण ठेचून लावू नका, तो भाजतो. तुरटीच्या गुळण्या ठीक, पण ठणक्यावर त्यांचा उपयोग बेताचाच.

तंबाखू आणि मिसरी यांच्याबद्दल भांडण ठरलेलं आहे. ‘मिसरी लावली की दाढ शांत होते,’ हे मी रोज ऐकतो. निकोटिनमुळे तात्पुरतं तसं वाटत असेलही. पण टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. विकतच्या डबीवर बंदी आली, तव्यावर भाजलेली घरची मिसरी मात्र तशीच राहिली. दुखऱ्या दाढेच्या निमित्ताने लागलेली मिसरी पुढे तीस वर्षं सुटत नाही, आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा मग आम्हाला बघावा लागतो.

मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकचा कोर्स दिलाय. तो पुरा केला की बरं होईल ना?

बहुतेक वेळा नाही. दाढ ठणकते ती आतल्या नसेला आलेल्या सुजेमुळे, आणि त्या बंद खोलीत रक्तपुरवठाच मार खात असतो, मग रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: ताप किंवा पसरणारी सूज नसेल तर साध्या दातदुखीला अँटिबायोटिक देऊ नका, दातावर उपचार करा. चेहऱ्यावर सूज आली, ताप भरला, तर ते लागतं, पण तेव्हाही दातावरच्या उपचाराच्या जोडीला.

कोर्स घेतल्यावर तीन दिवसांत बरं वाटलं, असं तुम्ही म्हणाल. बरं वाटण्याचं खरं कारण पुढच्या दोन प्रश्नांत आहे. आणि मेट्रोनिडाझोल असलेला कोर्स चालू असताना दारू घेऊ नका. ओकाऱ्या, धडधड, तोंड लालबुंद, असा प्रकार होऊ शकतो.

आधी गार पाणी लागायचं, आता उलट गार पाण्यानेच बरं वाटतं. सुधारतंय का?

उलट आहे. गार लागून सणक येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, तोवर नस वाचण्याची आशा असते, बऱ्याचदा साध्या सिमेंटवर भागतं. सणक मिनिटभर रेंगाळते, किंवा काहीही न खाता-पिता आपसूक ठणका उठतो, म्हणजे नस परत पूर्ववत होणार नाही. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे गरम चहाने जीव जातो आणि गार पाण्याने शांत होतं.

गेल्या उन्हाळ्यात एक ट्रॅक्टरचालक आले होते. हातात बर्फाच्या पाण्याची बाटली. नाव सांगायचे, एक घोट घ्यायचे, तोंडात धरायचे. गाव सांगायचे, पुन्हा घोट. घोट गिळला की चाळीस-पन्नास सेकंदांत चेहरा पिळवटायचा. रात्रभर त्यांनी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या संपवल्या होत्या. अशा पेशंटचा एक्स-रे काढायच्या आधीच निदान झालेलं असतं, बाटलीकडे बघून. दाढ उघडून आतला दाब मोकळा केला, आणि ते खुर्चीवरच झोपले.

दोन दिवस जीव घेत होती, तिसऱ्या दिवशी आपोआप थांबली. आता यायची गरज आहे का?

आहे, आणि याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त घसा कोरडा करतो. ठणका आपोआप थांबला याचा अर्थ बहुतेकदा नस मेली. मेलेल्या नसेला गार-गरम कळत नाही. पण ती आत सडते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि पू साठतो. हे महिना-दोन महिने, कधी वर्षभरही शांतपणे चालू असतं. मग एखाद्या सकाळी गाल टम्म फुगतो, नेमका बोर्डाच्या पेपरच्या किंवा हळदीच्या दिवशी. मधल्या काळात हिरडीवर फोडीसारखा एक पुटकुळा येतो, फुटतो, खारट-कडू चव येते, पुन्हा येतो. लोक त्याला ‘उष्णता’ म्हणतात. ती पू बाहेर पडायची मोरी आहे.

अँटिबायोटिकच्या कोर्सला श्रेय मिळतं तेही इथेच. नस मरायला दोन-तीन दिवस लागले, तेवढेच दिवस कोर्स चालला.

नेमकी कोणती दाढ तेच कळत नाही. कधी वरची, कधी खालची, कधी कान.

नसेचं दुखणं जागा दाखवण्यात कच्चं असतं. वरच्या आणि खालच्या जबड्याची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांतून मेंदूकडे जाते, त्यामुळे खालची दाढ किडलेली आणि बोट वरच्या दाढेवर, किंवा कानात, असं होतं. एक मात्र नक्की, दाढेचं दुखणं मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला जात नाही. सूज मुळाच्या टोकाशी पोचली की मग चावताना, टिचकी मारल्यावर अचूक दात सापडतो. तोवर तुमच्या बोटावर विश्वास ठेवून मी दात काढत नाही. राग मानू नका.

दाताचं नसलेलं दुखणंही असतं. सर्दी झाली आहे, वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं की वाढतं, तर सायनस असू शकतो. आणि चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा, विशेषतः डावीकडे, आवळल्यासारखा दुखतो, घाम फुटतो, थांबलं की कमी होतं, तर दातांच्या नाही, हृदयाच्या डॉक्टरकडे जा. बसल्या जागी असं दुखून घाम फुटला, धाप लागली, तर लगेच १०८.

थेट हॉस्पिटल कधी गाठायचं?

खालच्या दाढेची सूज जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याकडे उतरते आहे. जीभ वर उचलल्यासारखी वाटते. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. आवाज बदललाय. श्वास घ्यायला जड जातंय. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून डोळा मिटायला लागलाय. थंडी वाजून ताप येतोय. यातलं एक जरी असलं तरी दातांचा दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मोठं हॉस्पिटल गाठा. जिभेखालच्या पसरत्या सुजेला लुडविग्ज अँजायना म्हणतात. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरने तिचं वर्णन केलं, आणि आजही तिने माणसं दगावतात, कारण श्वासाची वाट बंद होते.

तोंड उघडण्याबद्दल एक बारकावा. आपल्याकडे गुटखा-सुपारीने पुष्कळांचं तोंड आधीपासूनच कमी उघडतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी अशी तोंडं काही कमी झालेली दिसत नाहीत. ते वेगळं. पण परवापर्यंत उभी तीन बोटं जात होती आणि आज एकच जातंय, तर संसर्ग आत स्नायूंपर्यंत पोचलाय, असं समजा.

सुजेवर गरम शेक देऊ नका, लेप लावून बांधू नका. पू बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन गालाला भोक पडतं आणि व्रण कायमचा राहतो.

सूज असताना दाताला हात लावत नाहीत ना?

ही जुनी समजूत आहे. पू साठला असेल तर तो लवकर बाहेर काढणं हाच उपचार आहे. दात उघडून, हिरडीला छेद देऊन किंवा दात काढून, ज्याला जे योग्य ते. अडचण असते ती इंजेक्शनची. सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करायचं औषध नीट लागू पडत नाही. म्हणून आम्ही लांबून, मुख्य मज्जातंतूजवळ इंजेक्शन देतो, कधी दुसरं द्यावं लागतं. ‘मला इंजेक्शन चढतच नाही’ म्हणणारे बहुतेक लोक दाढ पेटलेली असताना आलेले असतात.

वरची दाढ काढली की नजर जाते म्हणे?

नाही. डोळ्याचा मज्जातंतू वेगळा, दाताचा वेगळा. चाळिशीत चष्मा लागतो आणि चाळिशीतच दाढा काढाव्या लागतात, एवढाच संबंध.

जत्रेत एक जण धुरी देऊन दाढेतली कीड बाहेर काढतो. वाडग्यात किडे दिसतात!

रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीने तोंडात धूर घ्यायचा आणि खालच्या पाण्यात पांढरे ‘किडे’ पडतात. ते बियांचेच तुकडे असतात किंवा हातचलाखी. दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. ‘कीड लागली’ म्हटलं की वळवळणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ही समजूत जगभर होती. फ्रान्समध्ये पिएर फोशार नावाच्या दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की सूक्ष्मदर्शकातून शोधूनही असला किडा सापडला नाही. पुढे १८९० मध्ये मिलर नावाच्या दंतवैद्याने दाखवलं की तोंडातले जंतू साखर-पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. धुरीने ते बाहेर पडत नाहीत. घसा मात्र भाजतो.

रूट कॅनाल करू की काढून टाकू?

वर मजबूत भिंती शिल्लक असतील तर वाचवा. जमिनीच्या पातळीवर फक्त मुळं उरली असतील तर पैसे वाचवा. मधल्या दातांबद्दल एक्स-रे बघून बोलू.

माझी तक्रार वेगळी आहे. रूट कॅनालच्या पहिल्या खेपेला नस काढली की ठणका थांबतो आणि पेशंट गायब होतो. वर भरलेलं सिमेंट तात्पुरतं असतं, काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी दाढेवर बसवायच्या कॅपचंही तसंच. दाढेचा बराच भाग आधीच कीड आणि उपचारात गेलेला असतो, उरलेल्या भिंती शेंगदाण्याने नाही पण सुपारीने नक्की फुटतात. कॅपचे पैसे वाचवून दाढ उभी चिरून आणणारे पुष्कळ आहेत.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबईतच नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे खासगीपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. वेळ जास्त लागतो, खेपा पडतात, शिकणारी मुलं काम करतात पण शिक्षक डोक्यावर असतात. मीही तसाच शिकलो.

गरोदर आहे. सहन करत राहू?

नको. पॅरासिटामॉल चालतं, बाकी वेदनाशामक स्वतःहून घेऊ नका. दातासाठीचं बधिर करायचं इंजेक्शन देता येतं, गरज असेल तर शिशाचा ॲप्रन घालून एक्स-रेही. चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू झाला असेल तर महिना मोजत बसत नाहीत. सासूबाईंची परवानगी हवी असेल तर त्यांना घेऊन या, मी बोलतो.

दुधाचा दात आहे, पडणारच आहे. मुलाला नेऊ का?

न्या. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि त्यांच्या मुळांखालीच कायमचा दात तयार होत असतो. वरचा पू त्याला बिघडवू शकतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, सहा तासांनी. म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० ते २२५. बाटलीवर ५ मिलिमध्ये १२० आहे की २५० ते वाचा, चमचा अंदाजाने ओतू नका. ॲस्पिरिन नाही. बारा वर्षांखालच्यांना निमेसुलाइड द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी ते घरातल्या डब्यात सापडतंच.

दात काढून तीन दिवस झाले, आता आधीपेक्षा जास्त दुखतंय.

खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली असेल आणि हाड उघडं पडलं असेल. खालच्या दाढेला, आणि विडी-तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. पहिल्या दिवशी जोरात चुळा भरल्या, थुंकत राहिलं, तरी होतं. कानापर्यंत कळ आणि तोंडाला घाण वास. या, खड्डा धुऊन औषधी पट्टी ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी बराच आराम पडतो. अँटिबायोटिकची गरज नाही.

दवाखान्यात येताना काय करू?

जेवून या. उपाशी पोटी, रात्रभर जागून आणि घाबरून आलेला माणूस इंजेक्शन बघून चक्कर येऊन पडतो, पैलवान असला तरी. शुगरवाल्यांनी तर नाश्ता आणि गोळी दोन्ही घेऊनच यायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, फक्त मला सांगा. आणि रात्री काय काय घेतलं ते आठवत बसण्यापेक्षा गोळ्यांचे रिकामे पत्रे खिशात टाकून आणा. ‘एक पांढरी आणि एक पिवळी’ यावरून मला काही कळत नाही.